मोटारीची खांदमळणी

"कुनी हात लावला बे हिला? कुनी? समोर या! हिला खरूज आली, देवी आल्या, हिचं कातडं सोलून निगालं, आन तुमी समदे गोवऱ्यावानी गप बसलाव व्हय?"

पोळ्याची सकाळ. देशमुख गोठ्याच्या दारात उभे होते. अंगावर नुसतं धोतर आणि उजवा हात मनगटापर्यंत लालभडक. त्यांचा आवाज मुळातच असा, की ते आमच्या गावात शिंकले तर युसूफ वडगावच्या बाजारात लोक 'जीते रहो' म्हणायचे. आणि त्या दिवशी तर ते ओरडत होते. वेशीवरची कबुतरं जी उडाली, ती निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात जाऊन बसली आणि पुन्हा आलीच नाहीत, असं सांगतात. सांगणारा मीच.

ओरडायला कारण होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं. मी रंगारी. छकडे, दमण्या, दारं, पाळणे, जे पुढं येईल ते रंगवायचो. पण नाव झालं ते बैलांच्या शिंगांवर. नांदूरघाटापासून तेलगावापर्यंत माझ्या हातची शिंगं मिरवत. माझ्याकडून एकदा शिंगं रंगवून घेतलेला बैल दुसरा रंगारी दिसला की पाठ फिरवून उभा राहायचा. तेव्हा मी पंचविशीच्या अलीकडं-पलीकडं होतो. मिशी कोवळी होती, जीभ मात्र चांगली पिकलेली.

आता मोटार आणि पोळा यांची गाठ कशी पडली, ते सांगतो. आमच्या गावात पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून पहिला जातो देशमुखांचा बैल. त्याच्या मागं पाटलांचा, मग सगळं गाव. हा मान देशमुखांकडं कधीपासून, हे विचारू नका. विचारलंत तर मी सांगेन, आणि मग संध्याकाळ होईल. पाटलांचं घराणं त्या मानासाठी इतक्या पिढ्या टपून होतं, की त्यांच्या घरात पोर जन्माला यायचं तेच देशमुखांच्या गोठ्याकडं मान वळवून.

त्या वर्षी आखाडात देशमुखांचा मानाचा बैल म्हातारपणानं गेला. देशमुख लेकरासारखे रडले, आणि रडता रडता शपथ घेऊन बसले की त्याच्या दावणीला दुसरा बैल बांधणार नाही. मग काय बांधणार? मोटार. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती हैदराबादेकडच्या कुण्या नवाबाच्या तबेल्यातून आणली होती. तिचा मूळ रंग कोणता, हे नवाबालाही सांगता आलं नसतं. थोडा हिरवा, थोडा गंज, बाकीची कोंबड्यांची कृपा. ती गोठ्यातच असायची. देशमुखांचे जुने सालगडी, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, ते तिला रोज संध्याकाळी दाव्यानं खुंटीला बांधायचे. न जाणो, उधळली तर!

मानाची जागा मोटार घेणार म्हटल्यावर पंच बसले.

"मोटार म्हंजी बैल का?" पाटलांनी पहिलाच खडा टाकला.

एक म्हातारे पंच डोळे मिटून म्हणाले, "चार पायांवर चालती. पानी पिती. राग आला की फुरफुरती. बैल धराया हरकत न्हाई."

"आन शिंगं?"

पंच अडकले. पान खाल्लं, थुंकले, पुन्हा पान खाल्लं. शेवटी निवाडा आला, "शिंगं न्हाईत, तवा समदी मोटारच शिंग धरावी."

पाटलांना हेच हवं होतं. "कबूल! मंग पोळ्याचा कायदा बी धरा. रंगल्याबिगर कुनी तोरनाखाली जायचं न्हाई, आन रंग फुटलेलं शिंग म्होरं चालत न्हाई. मोटारीवर कुटं बी टवका, वघळ, सुरकुती दिसली, तर मान माझा. औंदा बी आन इथनं म्होरं बी."

"कबूल!" देशमुख गरजले, आणि तिथून उठून थेट माझ्या दारात आले. "जमंल का रं?"

मी तोवर मोटारीला बोटही लावलं नव्हतं. पण जीभ पिकलेली. म्हणालो, "मालक, म्या रंगवलेल्या मोटारीत माशीनं त्वांड बगून भांग पाडावा!"

आठ दिवस मी त्या मोटारीच्या अंगाशी झटलो. शिंगं तासतात तसा काचेच्या तुकड्यानं जुना रंग तासला. समुद्रफेसाच्या पांढऱ्या वडीनं पत्रा असा घासला, की गोठ्यातल्या म्हशीला त्यात दुसरी म्हैस दिसली आणि ती दोन दिवस तिच्याशी भांडत राहिली. जवसाच्या तेलात कालवलेल्या लाल हिंगळाचे दोन हात दिले. पावसाची झिमझिम चालू होती, रंग वाळायला वेळ घेत होता, म्हणून शेवटचा पातळ हात पोळ्याच्या पहाटेवर गेला.

त्या पहाटे कंदिलाच्या उजेडात मी कुंचला चालवला. काय चालला म्हणता! लोण्यावरून सुरी फिरावी तसा. मी मनात म्हटलं, वा रे गड्या, तुझ्या हाताला आज सरस्वतीच बसली. घटकेत अख्खी मोटार लाल करून मी मारुतीला जाऊन आलो. येऊन बघतो तर उजाडलेलं, देशमुख ओरडतायत आणि मोटारीवरचा रंग अंग सोडून उतरणीला लागलेला. टपाखाली ओघळ, चाकांच्या पंख्यांवर फोड, पुढच्या झाकणावर तापल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या. गावातल्या निम्म्या माशा त्यावर बसलेल्या, आणि बसल्या त्या कायमच्या. देशमुखांनी नुसता हात टेकला, तर सगळी साय त्यांच्या पंजात आली.

"म्या मळली, मालक," मागून आवाज आला. तात्या होते. पटका हातात, मान खाली.

"काय मळली?"

"खांदमळन केली. काल सांजच्याला. मानाचा बैल म्हनलाव तुमी. मानाच्या बैलाची खांदमळन सोडायची कावून?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, त्याला तेवढाच थंडावा. रीत जुनी आहे आणि चांगली आहे. फक्त ती मोटारीला लावावी, हे त्या अख्ख्या निजामशाहीत एका तात्यांनाच सुचलं.

देशमुखांचा आवाज एकदम बारीक झाला. "कशानं मळली?"

"लोनी आन हळद. मालकीनबाईंनी गाडगंभर दिलं. आवतन बी दिलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. चारी चाकांना येगळं येगळं."

"आरं, पन खांदमळन म्हंजी खांद्याची! तू समदी मोटार कावून मळलीस?"

"खांदा कुटला तेच गावंना, मालक. म्हनून कुटलीच जागा सोडली न्हाई."

देशमुखांनी लाल हात धोतराला पुसला. तात्यांना दोष देणार कसा? बैल म्हणून मिरवा असं तेच सांगून बसलेले. मी चाकाशी खाली बसलो. सरस्वती कुठली, आदल्या संध्याकाळचं लोणी होतं ते!

तेवढ्यात पाटील दारावरून गेले. सहज. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, इतकं सहज.

"काय देशमुख, बैलाला ढाळ लागली जनू? समदा वघळाय लागलाय."

"घरी जाऊन मिशा विंचरा, पाटील. दिवस अजून वर हाय."

"वर हाय, पन खाली येतो बरं. मारुतीच्या कळसाखाली दिवस गेला की म्या माझा बैल म्होरं घालनार."

पाटील गेले आणि देशमुख माझ्याकडं वळले. मी आजवर त्यांच्या डोळ्यांत राग पाहिला होता, गर्व पाहिला होता. त्या वेळी होती ती भीती. "माझ्या बापानं म्होरनं नेला, आज्यानं म्होरनं नेला," ते म्हणाले. "म्या पाटलाच्या बैलाचं शेपूट बगत जाऊ का? कर काय तरी."

आता करायचं काय? लोणी धुतल्याशिवाय रंग धरणार नाही. शिकेकाई लावली, सरकून गेली. राख लावली, तिचाच चिखल झाला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या डायवरनं तोंड उघडलं. बारा गावांत मोटार चालवता येणारा तो एकटाच, त्यामुळं बोलायची गरज त्याला सहसा पडत नसे.

"पिट्रोल," तो म्हणाला.

"टाकीत हाय का?"

"हाय."

"हिला धुऊन तोरनापतुर जायला उरंल का?"

"तोरन जवळ हाय."

एवढा भरवसा आम्हाला पुरला. डायवरची विडी काढून घेतली, चुलीकडचं दार लावलं, टाकीतून कळशी भरून काढली आणि जुन्या धोतराचे बोळे भिजवून सगळे मोटारीवर पडलो. लोणी गेलं, रंग गेला, माशाही गेल्या. पण बंद गोठ्यात पेट्रोलचा वास असा कोंडला, की पहिल्या घटकेतच तात्या हसायला लागले. कशाला हसताय म्हटलं, तर म्हणाले, "खांदा गावला!" आणि मागच्या चाकाच्या पंख्याला मिठी मारून बसले. मग मी हसायला लागलो. डायवर, जो आपल्या लग्नातही हसला नव्हता, तो जमिनीवर बसून गुडघे बडवायला लागला. ज्यांच्यासमोर बसायची कुणाची छाती नव्हती, त्या देशमुखांनी माझ्या गळ्यात हात टाकून मला 'दाजी' म्हटलं आणि विचारलं की आमची बहीण बरी हाय का. माझं लग्न झालेलं नव्हतं. मी म्हटलं, बरी हाय. म्हैस तर पुढचे तीन दिवस डोलतच होती, आणि तिचं दूध पिऊन मारुतीच्या पुजाऱ्यानं भर आरतीत शीळ घातली, असं ऐकलं.

दार उघडून हवा घेतली तेव्हा शुद्ध आली, आणि शुद्धीबरोबर दिवसही दिसला. चांगला माथ्यावर आलेला. जवसाच्या तेलातला रंग मुळापासून चढवायचा तर वाळायला दोन दिवस लागतात. आमच्याकडं दोन प्रहरही नव्हते. मग मी माझा ठेवणीतला इलाज काढला. चपडा लाख कुटून मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूत विरघळवायची आणि त्यात हिंगूळ घालायचा. हा रंग बघता बघता वाळतो. लाख माझ्या पेटीत होती. दारू गावात कुणाकडं असते हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी ती पाव घटकेत तीन घरांतून आली. त्यातलं एक घर त्या निवाडा देणाऱ्या म्हाताऱ्या पंचांचं होतं.

मी रंग चढवला. या वेळी कुंचला घसरला नाही. प्रत्येक हात पत्र्याला चावून बसला. पण हवा दमट होती, लाख लवकर सुकेना. तेव्हा मालकीणबाईंनी चुलीवरचं पुरण तसंच टाकलं, पदर खोचला आणि आळीतल्या बायका हाकारल्या. "सुपं घेऊन या गं!" बारा बायका, बारा सुपं, मोटारीभोवती कोंडाळं. असा वारा सुटला की गोठ्यातला कडबा उठून छपराला चिकटला.

"बाई, मोटारीला न्हान आलंय का काय, एवढं जपायला?" एकीनं विचारलं.

"तुज्या सुनंला बी असा वारा घातला न्हाईस कधी!" दुसरी म्हणाली, आणि पहिलीच्या सुपाचा वेग दुप्पट झाला.

दिवस कळसापासून हातभर वर होता तेव्हा मोटार तयार झाली. लाल म्हणजे लाल! तिच्याकडं बघून शेजारच्या कोंबड्यानं पहाट झाली समजून बांग दिली. एकच खोड उरली. मागच्या उजव्या पंख्यावर तळहाताएवढी सुरकुती. ती घासून पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. मी गेलेल्या बैलाची नक्षीची झूल आणली आणि मोटारीच्या पाठीवर अशी टाकली, की तिची झालर नेमकी त्या सुरकुतीवर आली. बैलाला झूल नको का?

डायवरनं मोटार सुरू करून वेशीकडं काढली. गाव दुतर्फा उभं. शिंगं रंगवलेले, गोंडे बांधलेले बैल आपल्या लाल बहिणीकडं टकमक बघत होते. वेशीपासून वीस पावलांवर पाटलांनी हात वर केला. मोटार थांबली, आणि तिची गुरगुरही बंद पडली. तिकडं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

पाटील फिरून फिरून बघू लागले. पुढचं झाकण बघितलं, दारं बघितली, वाकून खालूनही बघितलं. दारापाशी जरा जास्तच थांबले. पत्र्यात त्यांची मिशी दिसत होती, ती त्यांनी डावीकडून उजवीकडून पाहून घेतली आणि पीळ भरला. मग नाक वर केलं.

"वास कशाचा येतो हो?"

"धूप घातलाय," देशमुख म्हणाले.

पाटील मागं आले. झुलीपाशी थांबले. त्यांनी झालर चिमटीत धरली, आणि तेवढ्यात डायवरनं रबराचा भोंगा दाबला. पाटील जे उडाले ते आपल्याच बैलाच्या गळ्यात पडले. सगळी वेस खदखदली.

"माशी बसलती भोंग्यावर," डायवर म्हणाला.

पंचांनी मान हलवली. रंग पास!

"चल म्होरं!" देशमुख ओरडले. डायवर खाली उतरला, पुढची दांडी फिरवली. मोटार खोकली. पुन्हा फिरवली. मोटारीनं सुस्कारा सोडला. तिसऱ्यांदा तिनं तेवढंही केलं नाही.

"काय झालं बे?"

"सपलं."

"तोरन जवळ हाय म्हनलास ना!"

"जवळच हाय की," डायवरनं वीस पावलांवरच्या तोरणाकडं बोट केलं.

मागून ढकलायला चार गडी धावले, आणि मी जन्मात किंचाळलो नव्हतो तसा किंचाळलो. लाख वरून वाळली होती, आतून ओलीच होती. हात टेकला की पाची बोटं उमटली असती, आणि तिथं बोटं म्हणजे टवका. तिकडं दिवस कळसाला टेकू लागला. पाटील हळूच पुढं झाले, आवाजात साखर.

"माजी जोडी लावू का म्होरं? शेजारधर्म हाय."

सगळ्यांना कळलं. जोडी पुढं लागली म्हणजे तोरणाखालून पहिली जाणार ती पाटलांचीच. देशमुखांनी पाटलांकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं. मग अंगातला अंगरखा काढून मालकीणबाईंकडं फेकला.

"इहिरीवरचा नाडा आना!"

मोटारीच्या पुढच्या आडव्या दांड्याला नाडा बांधला. देशमुखांनी त्याचा फास आपल्या उघड्या खांद्यावर घेतला. "तात्या, ये बे. उजव्या अंगाला."

तात्या आले. एवढा मोठा माणूस आणि बैलाच्या जागी!

"थांबा!" पाटील ओरडले. "रंगल्याबिगर तोरनाखाली जायचं न्हाई! हे दोगं रंगलेत का?"

कायदा म्हणजे कायदा. माझ्या डब्याच्या तळाला दोन थेंब हिंगूळ होता. मी धावलो. देशमुखांच्या मिशा तुमच्या आमच्यासारख्या नव्हत्या, कानापर्यंत वळलेल्या, टोकदार. एक टोक लाल केलं, दुसरं लाल केलं. मग तात्यांच्या पांढऱ्या मिशांचीही दोन टोकं. म्हाताऱ्या पंचांनी जवळ येऊन डोळे बारीक केले, हुंगलं, ओळखीचा वास आला असावा, आणि म्हणाले, "चारी शिंगं बिनटवक्याची. जाऊ द्या."

गाव असं फुटलं की बैल बुजले. "हय्या! हय्या!" पोरं, बाया, म्हातारे, सगळे ओरडायला लागले. देशमुखांनी खांदा दिला. मोटार हलेना. तात्यांनी दात खाल्ले. हलली! एक पाऊल, दोन पावलं, देशमुख पुढं वाकलेले, लाल शिंगं जमिनीकडं, नाडा खांद्यात रुतलेला, डायवर एकटा चाक धरून सरदारासारखा वर बसलेला. कळसाच्या मागं दिवस उतरला त्याच क्षणाला देशमुखांचं कपाळ तोरणाच्या पानांखाली आलं. मागून मोटार आली, तिच्या मागं पाटील, मग सगळं गाव. मी मोटारीच्या शेजारून पळत होतो आणि जो दिसेल त्याला ओरडून सांगत होतो, रंग बगा, रंग! कुणी बघत नव्हतं. सगळे देशमुखांकडं बघत होते.

दिवेलागणीला मी त्यांच्या ओट्यावर गेलो. देशमुख पाय पसरून बसले होते, खांदा सोललेला, मिशा अजून लाल. मालकीणबाईंनी पुरणपोळीचा घास भरवला होता, तो अजून गालातच होता. मी पायरीवर बसलो, खाकरलो आणि जे विचारायला आलो होतो ते विचारलंच.

"मालक, मोटारीचा रंग कसा वाटला?"

देशमुखांनी घास गिळला.

"म्या मागं वळून बगितलंच न्हाई."